बुडीत बँकेचं गणित : शंभर पौंडांच्या शेअरला २७५० पौंडांचा फटका

एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मजकूर फिरायला लागतो. ‘अवसायक नेमला, आता पैशांवर पाणी सोडा.’ (अवसायक म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची मालमत्ता विकून तिची देणी भागवणारा माणूस.) त्याच्या पाठोपाठ बँकेच्या स्थापनेचा मुहूर्त आणि शनीची वक्रदृष्टी सांगणारे येतात. त्यांच्या मागून ‘ब्लॉकचेन, म्हणजे मागाहून बदलता न येणारी संगणकी नोंदवही, असतं तर हे झालंच नसतं’ म्हणणारे. शनीला कर्जखातं उघडता येत नाही, आणि ज्यांनी खोटंच लिहायचं ठरवलंय ते कुठल्याही वहीत खोटं लिहितात. तेव्हा या दोघांनाही बाजूला ठेवू. मुद्दा वेगळाच आहे. बँक बुडाली म्हणजे ठेवीदार बुडालाच, हे गृहीतक मुळात चुकीचं आहे. नेमकं कोण बुडणार हे कायद्यानं आखलेल्या रांगेवर आणि एका गणितावर ठरतं. ते गणित उघड्यावर मांडलेलं बघायचं असेल, तर १८७८ सालच्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जायला हवं.

सिटी ऑफ ग्लासगो बँक १८३९ मध्ये निघाली. तिच्या १३३ शाखा होत्या आणि ठेवी सुमारे ८० लाख पौंडांच्या. जून १८७८ मध्ये तिनं १२ टक्के लाभांश जाहीर केला. १०० पौंडांचा शेअर बाजारात २३६ च्या आसपास होता. आणि २ ऑक्टोबर १८७८ रोजी बँकेनं दारं उघडलीच नाहीत.

आत काय शिजत होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. कर्जाचा मोठा हिस्सा अवघ्या चार पेढ्यांकडे अडकला होता. त्यातली स्मिथ, फ्लेमिंग आणि कंपनी लंडनची असली तरी तिचा धंदा हिंदुस्थानशी होता, आणि मुंबईची डब्ल्यू. निकल आणि कंपनी ही तिची जोडपेढी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले तेव्हा या मंडळींनी हात धुऊन घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतला शेअरबाजाराचा फुगा फुटला. पुढच्या वर्षी लंडनची ओव्हरेंड, गर्नी ही बडी पेढी बसली आणि उरलंसुरलं कंबरडं मोडलं. ग्लासगोच्या संचालकांनी मात्र हे कर्ज बुडीत म्हणून लिहून टाकायचं धाडस केलं नाही. जुन्या कर्जाचं व्याज वसूल व्हावं म्हणून नवं कर्ज द्यायचं आणि ते व्याज नफा म्हणून दाखवायचं, असा क्रम वर्षानुवर्षं चालला. शेअरचा भाव पडू नये म्हणून बँकेनं स्वतःचेच शेअर विकत घेऊन ठेवले. बँकेनं स्वतः काढलेल्या नोटांमागे ठेवायच्या सोन्याचे आकडेही सरकारला खोटे कळवले. जानेवारी १८७९ मध्ये एडिंबरोत खटला चालला. व्यवस्थापक रॉबर्ट स्ट्रोनाक आणि संचालक लुइस पॉटर यांना १८ महिने, बाकीच्या संचालकांना ८ महिने कैद झाली. लोकांना ती फारच कमी वाटली, आणि ते साहजिकच होतं.

हिशेबनिसांनी वह्या उघडल्या. जमा आणि देणं यांचा मेळ घालून, भागभांडवल धुऊन निघाल्यावरही तूट उरली सुमारे ५१ लाख ९० हजार पौंडांची. संपूर्ण भांडवल होतं दहा लाख. म्हणजे भांडवल सहा वेळा बुडवलं तरी कमीच, असा खड्डा. २२ ऑक्टोबरला भागधारकांनी अवसायनाचा ठराव केला, आणि पुढच्या महिन्यात एडिंबरोच्या ‘कोर्ट ऑफ सेशन’नं, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं, हे अवसायन आपल्या देखरेखीखाली घेतलं.

ही देखरेख म्हणजे नेमकं काय? १८६२ च्या ब्रिटिश कंपनी कायद्यात तीन वाटा होत्या. कंपनीनं आपणहून गाशा गुंडाळावा, न्यायालयानं तो गुंडाळायला लावावा, किंवा मधली वाट, म्हणजे काम अवसायकांनी करायचं आणि लगाम न्यायालयाच्या हातात. ग्लासगोत ही मधली वाट निवडली. एकेकट्या घेणेकऱ्यानं दावा ठोकून आधी आपलंच वसूल करून घ्यायचं, हे त्यामुळे थांबलं. सगळ्यांचं येणं एकाच रांगेत आलं. एखाद्या भागधारकाशी ‘एवढे द्या आणि सुटा’ अशी तडजोड करायची, तर तिला न्यायालयाची संमती लागायची. आणि भागधारकांच्या नोंदवहीत नाव आहे की नाही, यावरचे सगळे तंटे त्याच न्यायालयापुढे आले.

ती नोंदवही हीच खरी रणभूमी होती, कारण या बँकेच्या भागधारकांचं दायित्व अमर्याद होतं. आज आपण १० रुपयांचा शेअर घेतला आणि कंपनी बुडाली, तर शेअरमध्ये घातलेलं जातं, घरापर्यंत कोणी येत नाही. तिथं तसं नव्हतं. बँकेचं देणं फिटेपर्यंत प्रत्येक भागधारकाचं घर, शेत, दुकान, विम्याची पॉलिसी सगळं हिशेबात. नोंदवहीतून नाव काढून घ्यायला माणसं न्यायालयात धावली. ‘आम्हाला फसवून शेअर विकले’ हा युक्तिवाद खरा असूनही चालला नाही, कारण बँक बंद पडल्यावर घेणेकऱ्यांचा हक्क आधी उभा राहतो. ज्यांनी बंद पडण्याआधीच्या वर्षभरात शेअर विकले होते, त्यांचीही वेगळी यादी असे आणि पहिल्या यादीतून भागलं नाही तर त्यांची पाळी. सर्वांत करुण अवस्था विश्वस्तांची. एखाद्या नातलग बाईच्या लग्नाच्या ठेवीतून तिच्यासाठी शेअर घेतलेले, पण वहीत नाव विश्वस्ताचं. स्वतःला त्यातून एक पैसाही मिळालेला नाही, तरी एप्रिल १८७९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, निकाल दिला की जबाबदारी विश्वस्ताची, तीही वैयक्तिक.

आता माझा आवडता भाग. तूट ५१.९ लाख, भागधारक १८१९. प्रत्येकाकडून किती मागायचं?

आधी छोटं उदाहरण. दहा घरांची सोसायटी आहे, गच्ची गळते, दुरुस्तीला दहा लाख लागणार. प्रत्येकी एक लाख. पण सहा घरांची ऐपत चाळीस हजारांचीच. त्यांच्याकडून २.४ लाख आणि उरलेल्या चौघांकडून ४ लाख, मिळून ६.४ लाख. उरले ३.६ लाख, ते चौघांवर, प्रत्येकी ९० हजार. त्यातल्या दोघांकडे ५० हजारच निघाले. मग राहिलेले ८० हजार शेवटच्या दोघांवर, प्रत्येकी ४० हजार. शेवटी काय झालं? सहा जणांनी ४० हजार दिले, दोघांनी दीड लाख, दोघांनी दोन लाख तीस हजार. दहा लाख पूर्ण. कोणी लबाडी केली नाही, तरी ‘समान वाटा’ समान राहिला नाही.

ग्लासगोत हेच घडलं, फक्त घरं १८१९ आणि प्रत्येकाकडचे शेअर वेगवेगळे. गणिताच्या भाषेत मांडू. शेअरच्या किमतीच्या किती पट मागायचं, ती संख्या ‘प’ मानू. एका भागधारकाकडून प्रत्यक्षात मिळणार ती रक्कम म्हणजे दोन आकड्यांतला लहान आकडा: त्याची एकूण ऐपत, किंवा प गुणिले त्याचे शेअर. अशा सगळ्या रकमांची बेरीज तुटीइतकी होईल असा प शोधायचा.

आलेख काढून बघा. आडव्या अक्षावर प, उभ्या अक्षावर एकूण वसुली. सुरुवातीला रेषा ताठ चढते, कारण सगळेच देतात. जिथं एखाद्याची ऐपत संपते, तिथं रेषा किंचित मोडते आणि चढ कमी होतो. कोणत्याही जागी रेषेचा चढ म्हणजे अजून उभे असलेल्या माणसांकडच्या शेअरची बेरीज, दुसरं काही नाही. गरीब लोक लवकर गळतात, मग मध्यमवर्ग, मग पेन्शनर, दुकानदार. रेषा आडवी होत जाते. ती तुटीच्या उंचीला पोचण्याआधीच पूर्ण आडवी झाली, तर ठेवीदार बुडाले. पोचली, तर ठेवीदार वाचले.

आता आकडे घाला. दहा लाखांच्या शेअरपैकी सुमारे दीड लाखांचे बँकेच्या स्वतःच्याच कपाटात होते, त्यांच्याकडून काय वसूल होणार? उरले साधारण साडेआठ लाखांचे. सगळे भागधारक सधन असते तर ५१.९ भागिले ८.५, म्हणजे प जेमतेम ६.१ आला असता. शंभराच्या शेअरला ६१० पौंड. डिसेंबर १८७८ मध्ये अवसायकांनी पहिली मागणी केली ५०० पौंडांची. असंख्य घरं तिथंच संपली. एप्रिल १८७९ मध्ये दुसरी मागणी आली २२५० पौंडांची. एकूण २७५०, म्हणजे प झाला २७.५. सहाऐवजी साडेसत्तावीस, कारण पहिल्या मागणीनंतर रेषा जवळजवळ आडवी झाली होती आणि थोडी उंची गाठायला आडवं अंतर प्रचंड कापावं लागत होतं. ज्याच्याकडे हजार पौंडांचे शेअर होते, त्याला साडेसत्तावीस हजारांचं पत्र आलं. शेवटी देण्याची ताकद शिल्लक असलेले भागधारक उरले अडीचशेच्या आसपास.

मग पहिल्या झटक्यातच २७५० का नाही मागितले? याचं उत्तर मला फार मजेदार वाटतं. माणसांची ऐपत आधी कोणालाच माहीत नसते. पहिली मागणी ही वसुलीइतकीच मोजणीसुद्धा असते. ५०० मागा, कोण देतो आणि कोण हात वर करतो ते नोंदवा, त्यावरून पुढच्या टप्प्यावर रेषेचा चढ किती उरेल याचा अंदाज बांधा, मग दुसरी मागणी ठरवा. शिवाय एकाच दिवशी शेकडो लोकांनी घरं विकायला काढली असती, तर घरांचे भावही पडले असते आणि सगळ्यांचीच ऐपत घटली असती. म्हणजे प वाढवला की ऐपतही बदलते, दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या. तिथं आपलं सोपं समीकरण अपुरं पडतं आणि हप्त्याहप्त्यानं जाणंच शहाणपणाचं ठरतं. संगणक नसताना, हातानं लिहिलेल्या वह्यांवर अवसायकांनी हे पार पाडलं.

एक नमुना जवळून बघू. इन्व्हर्नेसची कॅलेडोनियन बँक ही वेगळीच, धडधाकट बँक. कुणाला तरी कर्ज देताना तिनं तारण म्हणून ग्लासगो बँकेचे फक्त ४०० पौंडांचे शेअर स्वतःच्या नावावर करून घेतले होते. नाव वहीत, म्हणजे दायित्व अमर्याद. साडेसत्तावीस पटीनं हे देणं ११ हजार पौंड होतं, आणि तेवढं ती सहज देऊ शकली असती. पण डिसेंबर १८७८ मध्ये प कुठं थांबणार हे कोणालाच माहीत नव्हतं. इतर भागधारक धडाधड गळत गेले तर शेवटी उभी राहणारी ही बँकच सगळ्या तुटीची धनी होईल, या धास्तीनं तिचेच ठेवीदार पैसे काढायला धावले. तिला कामकाज थांबवावं लागलं. आकडा नक्की झाल्यावर, १८७९ मध्येच, ती पुन्हा उघडली. ११ हजारांच्या देण्यापेक्षा अज्ञात प नं जास्त नुकसान केलं.

ठेवीदारांना पैसे मात्र पूर्ण मिळाले. भागधारक देशोधडीला लागले, त्यांच्यासाठी स्कॉटलंडभर वर्गणी काढावी लागली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या जमिनीच्या कंपनीचे शेअर, अमेरिकन रेल्वेचे शेअर अशी सावकाश विकायची मालमत्ता उरली, ती १८८२ मध्ये खास त्यासाठी काढलेल्या एका कंपनीकडे गेली. त्याआधी १८७९ च्या कायद्यानं अमर्याद बँकांना दायित्व मर्यादित करण्याची सोय दिली आणि मर्यादित होणाऱ्या बँकांना दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं केलं. इतर अमर्याद स्कॉटिश बँकांनी ही सोय १८८२ मध्ये स्वीकारली.

अमर्याद दायित्व आपल्याकडेही होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांना अमर्याद दायित्व हाच नियम होता. त्यामागे विचार असा, की गावात एकमेकांची ऐपत सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून सभासद कर्जावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतील. १९१२ च्या कायद्यानं अवसायकाला सभासदांकडून किती वर्गणी घ्यायची ते ठरवण्याचा अधिकार दिला. ग्लासगोचा तोच प, मुंबई इलाख्यातल्या खेड्यात.

आज सभासदाचं नुकसान त्याच्या शेअरपुरतं थांबतं. त्यामुळे आलेखाची रेषा फार लवकर आडवी होते, आणि तुटीचा उरलेला भाग ठेवीदाराकडे सरकतो. ती पोकळी भरायला ठेव विमा आला. १९६० मध्ये केरळची पालाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या, आणि १ जानेवारी १९६२ पासून हा विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. २०२० पासून ती पाच लाख आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यावर साधारण ९० दिवसांत ती रक्कम हाती पडायला हवी. ही मर्यादा एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवींची मिळून, व्याजासह आहे. पाच लाखांवरच्या रकमेसाठी अवसायकाच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि विमा महामंडळही आपण दिलेले पैसे वसूल करायला त्याच अवसायकाच्या दारात येतं.