पोर्ट ‘बंद’ आहे म्हणजे नेमकं काय?

पोर्ट म्हणजे संगणकावरच्या सेवांशी बाहेरून बोलण्यासाठीचं क्रमांक दिलेलं दार. नको असलेली पोर्ट बंद ठेवा, हे आज पहिल्याच दिवशी सांगतात. पूर्वी ती उघडीच मिळायची. १९८८ च्या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने) फिंगर (वापरणाऱ्यांची माहिती देणारी) आणि सेंडमेल (ईमेलची) या सेवांमधून वाट काढली, तरी सवय काही सुटली नाही. पुण्यात मासिकाबरोबरच्या सीडीवरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकणाऱ्या पिढीला एफटीपी (फाइलींची देवाणघेवाण), प्रिंटर अशा सेवा न मागता चालू झालेल्या आठवत असतील. जानेवारी २००१ मध्ये रामेन वर्म रेड हॅट या लिनक्सच्या ६.२ आणि ७.० मधल्या अशाच सेवांतून शिरला. २००४ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने उलटा नियम केला: नव्या इन्स्टॉलवर बाहेरचं ऐकणारं, म्हणजे बाहेरच्या जोडणीची वाट बघणारं, एकही पोर्ट नको.

खरा वाद पेटला तो डिसेंबर २०१४ मध्ये. फेडोरा २१ या लिनक्सच्या वर्कस्टेशन (डेस्कटॉप) आवृत्तीत फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी भिंत) चालू होती, पण १०२५ ते ६५५३५ ही सगळी पोर्ट तिने मोकळी सोडली होती. समर्थकांचं म्हणणं, फाइल शेअरिंग अडलं की लोक फायरवॉलच काढून टाकतात. शिवाय पोर्टवर कुणी ऐकतच नसेल तर धोका कसला? इथे ‘उघडं’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत अडकतात. प्रोग्राम ऐकतोय, हा एक; फायरवॉल आत येऊ देते, हा दुसरा. दोन्ही जुळले की दार खरंच उघडतं. आणि ते कधी जुळतात, हे वापरणाऱ्याला कळत नाही, म्हणून मला विरोधकांचं पटतं. कोथरूडच्या पीजीत दहा जण एकाच वायफायवर असतात. त्यातल्या एकीने प्रोजेक्ट बघायला पायथॉनचा साधा वेब सर्व्हर सुरू केला, की तो त्या मोकळ्या पोर्टांतल्या ८००० वर सगळ्यांसाठी ऐकू लागतो, आणि त्या फोल्डरमधल्या फाइली शेजारच्या खोलीतूनही उघडतात.

पुढे डॉकरने, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनाने, गुंता वाढवला. कंटेनरचं पोर्ट बाहेर दिलं की डॉकर फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम घालतो. यूएफडब्ल्यू (उबुंटूचं फायरवॉल साधन) ‘मनाई’ दाखवत राहतं आणि पोर्टपर्यंत बाहेरून पोहोचता येतं.

म्हणून आधी ‘एसएस’ कमांडने कोण ऐकतंय ते बघायचं. १२७.०.०.१:६३१ दिसलं तर ती प्रिंटरची सेवा, मशीनपुरतीच. ०.०.०.०:८००० म्हणजे सगळ्यांसाठी. नको ती सेवाच थांबवायची, पण तिथेही नवी मेख आहे: उबुंटू २२.१० पासून एसएसएचची (दुरून लॉगिन करायची) सेवा थांबवली तरी पोर्ट २२ वर सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्राम) ऐकत राहतं. त्याचं ऐकण्याचं टोक, म्हणजे सॉकेट, वेगळं बंद करावं लागतं.