प्वारोचे दोन वीकेंड: ‘द हॉलो’ की ‘डेड मॅन्स फॉली’?

(पुढे दोन्ही रहस्यं फोडली आहेत.)

अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर प्वारोवरच्या, अभिनेता डेव्हिड सुशेच्या टीव्ही मालिकेतले हे दोन भाग हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्हींत इंग्लंडमधली गावाबाहेरची हवेली, पाहुण्यांची वर्दळ आणि समोरचा खून खरा की रचलेला, हा संभ्रम. पण त्यामागची चलाखी दोन्हीकडे वेगळी आहे.

‘द हॉलो’ (२००४) मध्ये प्वारो जेवायला येतो तर तलावाकाठी डॉ. जॉन क्रिस्टो रक्तात पडलेला आणि बायको गर्डा रिव्हॉल्व्हर धरून उभी. आपल्यासाठीच हा देखावा मांडलाय, असं त्याला वाटतं. माणूस मात्र खरोखर मरतोय. शेवटचा शब्द: ‘हेन्रिएटा’. हेन्रिएटा ही त्याची प्रेयसी. ती गर्डाच्या हातून रिव्हॉल्व्हर घेते आणि ते पाण्यात पडतं. पुढे तपासात कळतं की गोळी त्यातून सुटलेलीच नाही, आणि गर्डावरचा संशय उडतो. गोम इथेच आहे: गर्डाने दोन रिव्हॉल्व्हर घेतली होती. एकाने गोळी झाडली, दुसरं हातात धरलं. जॉनची शेवटची हाक म्हणजे ‘हिला सांभाळ’ ही विनवणी होती. हेन्रिएटाने ती ओळखली आणि तपास भरकटवत ठेवला. म्हणजे पहिल्या नजरेला जी खुनी दिसली, तीच खुनी!

‘डेड मॅन्स फॉली’ (२०१३) मध्ये देखावा आधीच जाहीर असतो. जत्रेसाठी लेखिका अ‍ॅरिअडनी ऑलिव्हर ‘खुनी शोधा’ असा खेळ रचते. बोटहाउसमध्ये प्रेताचं सोंग घ्यायला मार्लीन नावाची शाळकरी पोर बसवलेली. दार उघडल्यावर ती गळ्यात दोरी घेऊन पडलेली दिसते. सोंग झकास वठलंय असं वाटतं, पण तिचा गळा खरोखर आवळलेला असतो. इथे हत्यारात काही दडलेलं नाही, खोटी आहेत ती माणसं. हवेलीचा आताचा मालक सर जॉर्ज स्टब्ज म्हणजे जुन्या मालकिणीचा, मेला असं समजलेला मुलगा. त्याची बायको म्हणून वावरणारी लेडी स्टब्ज तोतया. खऱ्या लेडी स्टब्जचं, म्हणजे हॅटीचं प्रेत बागेतल्या फॉलीखाली, म्हणजे त्या शोभेच्या बांधकामाखाली. मार्लीनला आजोबांकडून थोडं कळलेलं, म्हणून ती गेली.

तेव्हा पुन्हा बघताना ‘हॉलो’मध्ये नजर रिव्हॉल्व्हरवर ठेवा, ‘फॉली’मध्ये जुन्या मालकीणबाईंच्या बोलण्यावर. चित्रीकरणामुळेही ‘फॉली’ वेगळा ओळखू येतो: तो डेव्हनमधल्या ग्रीनवेला, म्हणजे खुद्द अगाथा ख्रिस्तीच्या घरी चित्रित झालाय. पीटर उस्तिनोव्हचा प्वारो दिसला, तर तो १९८६ चा वेगळा टीव्हीपट समजा.