सार्वजनिक ग्रंथालये, पुण्यातील

पुणे शहरातील वर्गणीदार, अनुदानित व शासकीय वाचनालये. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार मुख्यतः आर्थिक व सामाजिक विकासातील सहभागाच्या अंगाने केला आहे.

शहरातील आद्य वाचनालय म्हणून सामान्यतः पुणे नगर वाचन मंदिराचा निर्देश होतो. 1848 मध्ये ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ते सुरू झाले. त्यात गोपाळ हरी देशमुख (लोकहितवादी) यांचा पुढाकार होता. महाराष्ट्रात ते पहिले नव्हे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, तर नाशिकचे 1840 चे. आरंभी पुण्याचे वाचनालय बुधवारवाड्यात होते, असे सांगितले जाते. हा वाडा 1879 च्या आगीत जळाला. 1848 पासूनच ‘सार्वजनिक’ ग्रंथालय मोजावे का, हे निकषावर अवलंबून आहे. वर्गणीशिवाय पुस्तक मिळणे ही अट धरली, तर आरंभवर्ष बरेच पुढे सरकते. मराठी ग्रंथसंग्रह ही अट धरली, तर 1911 चे पुणे मराठी ग्रंथालय महत्त्वाचे ठरते. मात्र पहिल्या अटीने आजचीही बहुतेक वाचनालये बाद होतात. म्हणून 1848 हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते. लोकहितवादींनी 1849 मध्ये अर्थशास्त्रावर ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यावरून वाचनालयामागचा आर्थिक हेतू सिद्ध होत नाही, एवढे खरे.

मुंबई सरकारने 1939 मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयांविषयी समिती नेमली. तिच्या शिफारशींतून पुढे विभागीय ग्रंथालये निघाली. पुण्याचे 1947 च्या सुमारास अस्तित्वात आले व विश्रामबागवाड्यात दीर्घकाळ होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात असलेली ग्रंथालयकराची तरतूद त्यात नाही. राज्याच्या अंदाजपत्रकातून निधी येतो. शासन बहुसंख्य ग्रंथालये स्वतः चालवत नाही. नोंदणीकृत संस्थेला मान्यता देऊन अ, ब, क, ड या वर्गांनुसार परिरक्षण अनुदान (चालू खर्चासाठीचे साहाय्य) देते. विकासातील ‘भागीदारी’ म्हणजे शासनाच्या कामात समाजाचा सहभाग, असे सहसा समजले जाते. येथे तो शब्द म्हणूनच उलट बाजूने लागू पडतो : इमारत, कार्यकारी मंडळ व कार्यवाहांचा विनामोबदला वेळ समाजाचा, शासनाचा वाटा पूरक. अनुदानातून होणाऱ्या ग्रंथखरेदीवर मराठी प्रकाशनव्यवसायाचाही काही भाग उभा आहे.

मुक्तद्वार वृत्तपत्रकक्ष, देवघेव व बालविभाग ही नेहमीची कामे होत. अलीकडे भर अभ्यासिकांवर आहे. सदाशिव पेठ, नवी पेठ भागांत स्पर्धापरीक्षांसाठी राज्यभरातून आलेले उमेदवार खोलीत जागा नसल्याने दिवसभर तेथे बसतात. त्यांची पुस्तके व नोट्स बहुधा स्वतःच्याच असतात. त्यामुळे हा उपयोग देवघेवीच्या आकड्यांत उमटत नाही.