बीपी हृदयाचं, मग तपासणी किडनीची का?

रक्तदाब वाढलाय असं निदान झालं की डॉक्टर ईसीजीबरोबर क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का हे सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणीही लिहून देतात. "बीपी हृदयाचं ना, मग किडनी कशाला तपासायची?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि तो रास्तच आहे. पट्टा आपण दंडाला बांधतो खरा, पण दाब किती राहावा हे बऱ्याच अंशी ठरतं ते मेंदू आणि किडनी यांच्यात चाललेल्या निरोपांवरून.

अंथरुणातून झटकन उठलं की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेताग्रं, म्हणजे मज्जातंतूंची टोकं, असतात. ती लगेच मेंदूला खबर देतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ टळते. हे काम काही सेकंदांचं. पण दाब महिनोन्महिने चढा राहिला तर हीच चेताग्रं त्या पातळीला सरावतात. मग ती चढा दाबच नेहमीचा समजून राखू लागतात.

लांब पल्ल्याचा हिशेब किडनीकडे असतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवी होऊन बाहेर पडतो. बाकी सगळं, मीठ धरून, पुन्हा रक्तात. एवढ्या उलाढालीत मीठ रोज थोडं जरी जास्त राखलं गेलं तरी त्यामागोमाग पाणी साठतं आणि दाब चढतो. निरोगी किडनी दाब वाढताच जास्तीचं मीठ-पाणी टाकून देते. उच्च रक्तदाबात मात्र तेवढंच मीठ बाहेर टाकायला तिला अधिक दाब लागतो. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, कारण या गोळ्या किडनीला मीठ धरून ठेवायला लावतात.

किडनीच्या हाती आणखी एक साधन आहे. 1898 साली स्वीडनमध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब चढला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि मीठ राखायला लावतं. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या गोळ्या याच साखळीवर काम करतात.

आता मेंदूची बाजू. संकटात अंगाला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचे तंतू किडनीच्या धमनीलगत आत उतरतात. ते खवळले की रेनिन वाढतं, मीठ अडतं, किडनीतला रक्तपुरवठा घटतो. उलट दिशेनेही तंतू आहेत. दुखावलेली किडनी मेंदूला चिथावते आणि मेंदू साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतो. दाबामुळे किडनी आणखी झिजते आणि चक्र चालू राहतं. झोपेत घोरता घोरता श्वास अडकणाऱ्यांमध्ये ही अनुकंपी यंत्रणा रात्रभर खवळलेली असते, म्हणून त्यांचं बीपी गोळ्यांनाही सहजी दाद देत नाही.

मग हे तंतूच कापले तर? प्रभावी औषधं नव्हती त्या काळात अमेरिकेत स्मिथविक नावाचे शल्यविशारद पाठीतून मोठी शस्त्रक्रिया करून हे तंतू काढत. दाब उतरे, पण उभं राहताच घेरी येई. सुरी न लावता तोच परिणाम साधायची वाट मुंबईने दाखवली, आणि याचा मला फार अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ही औषधी वनस्पती रुग्णांना देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पुढे तिच्यातून वेगळं काढलेलं रेसरपीन अनुकंपी तंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रिनलीन या निरोप पोचवणाऱ्या द्रव्याचा साठाच रिता करतं. मोठ्या मात्रेत नैराश्याच्या तक्रारी आल्या आणि नवी औषधं आली तसं ते मागे पडलं.

आज जांघेतून बारीक नळी किडनीच्या धमनीत नेऊन, उष्णतेने भोवतालचे तंतू निकामी करता येतात. सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे होते. 2014 च्या मोठ्या चाचणीत मात्र काही रुग्णांवर फक्त उपचाराचा देखावा केला गेला, तर त्यांचाही दाब जवळपास तेवढाच उतरला. संशोधकांनी तंत्र आणि रुग्णांची निवड दोन्ही सुधारली, नव्या चाचण्यांत फरक टिकला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत अशा दोन उपकरणांना मान्यता मिळाली. दाब उतरतो तो माफकच, आणि बहुतेकांच्या गोळ्या त्यानंतरही चालू राहतात.