गोधडीसाठी शिलाई मशीन घेताना

"यात टाके किती प्रकारचे?" हा आमच्या दुकानात काउंटरवरचा नेहमीचा पहिला प्रश्न. गोधडीला टाका एकच लागतो: सरळ. नक्षीचे टाके फ्रॉकच्या घेराला शोभतात, गोधडीच्या थरांत ते बुडून जातात. तेव्हा टाके मोजत बसू नका, पुढच्या गोष्टी बघा.

आधी काम किती ते पाहू. ५ बाय ७ फुटांची गोधडी आणि दर २ इंचांवर एक उभी शिलाई धरली, तर सुमारे ३० ओळी होतात. म्हणजे २१० फूट, जवळजवळ ६४ मीटर. टाका ४ मिलिमीटरचा ठेवला तरी १६,००० टाके, तेही चार-सहा थरांतून. जाड कापडात दोरा शिलाईच्या साधारण दीडपट जातो. वरून १०० मीटर आणि खालून तेवढाच. तीन बॉबिन आधीच भरून ठेवा. आडव्या ओळीही घालणार असाल तर हा हिशेब दुप्पट.

कमी पैशात या कामाला सगळ्यात योग्य म्हणजे ओतीव लोखंडाची, सरळ टाक्याची काळी मशीन. ती जड असते हाच तिचा गुण. गोधडीचा अर्धा भार टेबलाखाली लोंबतो आणि हलकी प्लास्टिकची मशीन त्याच्यासोबत सरकते. पायमशीन घेतली तर वीज गेली तरी काम थांबत नाही, मोटर नंतरही बसवता येते. हातमशीन मात्र गोधडीसाठी घेऊ नका. एक हात चाकावर अडकतो आणि थर धरायला दोन्ही हात लागतात. हातात मावणाऱ्या बॅटरीच्या मशीनबद्दल एवढंच, की ती गोधडीसाठी नाही.

पिको, काज, फॉल हेही घरीच करायचं असेल तरच झिगझॅगची विजेची मशीन बघा. तिची आतली चौकट धातूची आहे ना, एवढं विचारा. अशी मशीन गोधडीवर हळू चालवा. जाड थरांवर सलग दामटली की मोटर तापते. वास आला की लगेच थांबा, निवू द्या.

मशीन बघायला याल तेव्हा तुमचंच कापड आणा. वीतभर लांबीचे सहा थर, मध्ये एक जोड असलेले. नवं, कडक कापड नको. जुन्या साडीचं किंवा लुगड्याचं हवं, कारण गोधडी त्याचीच होणार. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून थर आत सरकवा. ढकलावे लागले तर ती मशीन तुमची नाही. मग चाक हाताने फिरवत पाच-सहा टाके घाला. सुई जोडावर अडते का, ते हाताला कळतं, मोटरच्या आवाजात कळत नाही. शेवटी सलग शिवून तुकडा उलटा करा. खाली दोऱ्याचे गोळे दिसले तर बॉबिनला दोष देण्याआधी वरचा दोरा बघा. बहुतेक वेळा तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो, कारण फूट खाली असतानाच ओवलेला असतो.

सुई ते उजवीकडचा खांब हे अंतर ७ इंचांच्या आसपास हवं. गोधडीची गुंडाळी तिथूनच जाते.

गोधडीवरची नेहमीची तक्रार म्हणजे शेवटच्या कडेला वरचा थर दोन बोटं जास्त उरणं. सुईखालचे, कापड सरकवणारे दाते फक्त खालचा थर ओढतात, वरच्यावर फूट घासत राहतो आणि कापड आपल्याकडे लोटतो. उपाय तीन. दाब देणारा वरचा स्क्रू थोडा सैल करा. शिवण्याआधी मधून कडांकडे, चार-चार बोटांवर कच्चा दोरा घाला. तरीही सरकत असेल तर वॉकिंग फूट लावा. तो वरचा थरही दात्यांच्या जोडीने पुढे नेतो. तो घेण्याआधी फूट खाली टेकवून, फूट बसवायच्या स्क्रूच्या मध्यापासून सुईखालच्या धातूच्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. पाऊण इंच भरलं तर लो शँकचा (आखूड दांडीचा) फूट मागा, सव्वा इंच भरलं तर हाय शँकचा (लांब दांडीचा). वॉकिंग फूटचा काटा सुईच्या स्क्रूवर टेकावा लागतो, म्हणून आपल्या मशीनवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. चार सुती थरांना १६ नंबर, सहा थरांना किंवा जीन्सच्या तुकड्यांना १८. एका गोधडीला एक सुई, मग ती चांगली दिसली तरी टाकून द्या. सुईची लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला हवी. सुईचा वरचा जाड भाग काही मशीनना एका बाजूने चपटा लागतो, काहींना गोल. म्हणून जुनी सुई सोबत आणा. जरीचा काठ शिलाईच्या ओळीखाली येऊ देऊ नका, सुई तिथेच बोथट होते.

एका नऊवारीतून ७ फुटी तीन तुकडे निघतात, पण पन्हा कमी पडतो आणि जोड द्यावा लागतो. सगळ्या थरांचे जोड एकमेकांवर आले की सहाचे बारा थर होतात, आणि सुई मोडते ती तिथेच. जोड दोन-तीन इंच मागेपुढे ठेवा.

जुनी काळी मशीन चांगली मिळाली तर नव्या स्वस्त मशीनपेक्षा ती घ्या, आमची हरकत नाही. सुई जिच्यात बसते ती दांडी चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. हलली तर झीज आहे. सुईखालच्या पट्टीच्या भोकावर बोट फिरवा. कडा खरबरीत लागल्या तर दोरा तिथे तुटत राहणार, पण पट्टी बदलता येते. पट्टा आणि बॉबिन भरायच्या चाकाचं रबर याही किरकोळ गोष्टी आहेत. चाक फिरताना एकाच जागी अडत असेल तर मात्र किंमत उतरवून घेण्यापेक्षा मशीनच सोडा.

जुनं सुती कापड खूप लव सोडतं. दर बॉबिनला पट्टीखालची, दात्यांमधली लव ब्रशने काढा आणि शटलला (बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाला) एक थेंब मशीनचं तेल द्या. खोबरेल चालत नाही, थंडीत गोठतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवा, गोधडीवर नंतर.