झॉम्बी

हैती या कॅरिबियन देशाच्या लोकसमजुतीनुसार बोकोराने, म्हणजे पैसे घेऊन करणी करणाऱ्या मांत्रिकाने, कबरीतून उठवून चाकरीला जुंपलेला मृत माणूस. तो चालतो, राबतो, खातो. मात्र त्याला इच्छा उरत नाही. व्हूडू या तेथील लोकधर्मातील ‘ती बॉन आंज’ हा त्याच्या आत्म्याचा अंश बोकोराने हिरावलेला असतो. बाटलीत कोंडलेल्या अशा आत्म्यालाही झॉम्बीच म्हणतात. मीठ पोटात गेले की झॉम्बीला भान येते व तो कबरीकडे परततो. वेताळाशी त्याची तुलना केली जाते, पण ती फारशी जुळत नाही : वेताळ प्रेतात शिरतो, तर येथे प्रेतातून काहीतरी काढून घेतलेले असते.

कल्पनेचे मूळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते काँगो खोऱ्यातील आत्म्याविषयीच्या समजुतींत शोधतात. मोरो द सँ-मेरी या फ्रेंच वसाहतकालीन लेखकाच्या १७९७ च्या सुमाराच्या वर्णनात हा शब्द केवळ भूत या अर्थी येतो. राबणारे प्रेत हा अर्थ त्यानंतर रूढ झाला असावा. उसाच्या मळ्यांवरील गुलामगिरीशी त्याचा संबंध जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. हैतीतील माणूस झॉम्बीपेक्षा स्वतः झॉम्बी होण्याला भितो.

विष देऊन माणसाला झॉम्बी बनवले जाते का, हा प्रश्न बराच गाजला. मृत्यूसदृश गुंगी आणणारे द्रव्य देणे हा हैतीच्या दंडसंहितेच्या २४६ व्या कलमान्वये विषप्रयोग ठरे. अशा व्यक्तीला पुरल्यास तो खून मानला जाई. १९६२ मध्ये मृत म्हणून नोंदलेला क्लेअर्वियस नार्सिस १९८० मध्ये झॉम्बी म्हणून राबून गावी परतल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर वेड डेव्हिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने बोकोरांच्या चूर्णांचे नमुने मिळवले. त्यांतील केंड माशाच्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाने माणूस निश्चल होतो आणि पुढे धोत्र्याच्या वर्गातील वनस्पतीने भ्रमिष्ट राहतो, असा त्याचा सिद्धांत. काओ व यासुमोतो या संशोधकांना मात्र १९८६ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत हे विष नगण्य आढळले. शिवाय टेट्रोडोटॉक्सिन स्नायू लुळे पाडते. त्यातून वर्षानुवर्षांची आज्ञाधारकता कशी येते, याचा उलगडा होत नाही. लिटलवुड व दूयाँ या संशोधकांनी झॉम्बी मानल्या गेलेल्या तीन व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये मांडले. त्यांच्यात मानसिक आजार, मेंदूची इजा आणि ओळख पटवण्यातील घोटाळा अशी कारणे दिसली. सध्या हाच खुलासा पुरेसा मानावा.

प्रतिबंधाचे उपाय मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेत्रो यांनी नोंदवले आहेत : प्रेताचे तोंड शिवणे, ते पालथे पुरणे, शवपेटीत तीळ व बिननेढ्याची सुई ठेवणे. सुई ओवण्यात व तीळ मोजण्यात मृत गुंतून राहतो आणि बोकोराच्या हाकेला ओ देत नाही.

चावल्याने फैलावणारी झॉम्बींची साथ ही १९६८ नंतरच्या अमेरिकी चित्रपटांतून पसरलेली कल्पना. हैतीच्या परंपरेत ती नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्ये अशा काल्पनिक साथीचे निमित्त करून पाणी, टिकाऊ अन्न, औषधे व कुटुंबाची भेटीची जागा आधीच ठरवण्याचा सल्ला दिला; तो वस्तुतः चक्रीवादळ व भूकंपासाठीचा होता.