चिपला कसं कळतं, नवा प्रोग्रॅम येतोय ते?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्याला पिना मोजक्याच असतात, त्यामुळे प्रोग्रॅम आत टाकण्यासाठी वेगळ्या पिना राखून ठेवणं परवडत नाही. पिक या कुटुंबातल्या १६एफ८७७ए या ४० पिनांच्या चिपमध्ये नवा प्रोग्रॅम आरबी६ आणि आरबी७ या दोन पिनांवरून जातो. एकीवर क्लॉक म्हणजे ताल देणारा सिग्नल, दुसरीवर डेटा. एरवी याच पिनांना बटणं, एलईडी असं काहीही जोडलेलं असू शकतं. मग आरबी६वर आलेला सिग्नल बटणाचा आहे की प्रोग्रॅमरचा (म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम टाकणाऱ्या यंत्राचा), हे चिपने ओळखायचं कसं?

याचं जुनं उत्तर आहे जास्त व्होल्टेज. चिप ५ व्होल्टवर चालते. तिच्या रीसेटच्या म्हणजे एमसीएलआर पिनवर सुमारे १३ व्होल्ट दिले की ती प्रोग्रॅमिंग मोडमध्ये जाते. नेहमीच्या कामात त्या पिनवर इतकं व्होल्टेज येतच नाही, त्यामुळे गफलतीला वाव नाही. पुष्कळांना वाटतं की मेमरी लिहायलाच १३ व्होल्ट लागतात. २७१६सारख्या जुन्या ईप्रॉमला (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपला) लिहिण्यासाठी बाहेरून २५ व्होल्ट खरोखरच द्यावे लागत. पण १६एफ८७७ए ५ व्होल्टवर चालता चालता स्वतःची प्रोग्रॅम मेमरी स्वतःच बदलू शकते, कारण लिहिण्यासाठी लागणारं जादा व्होल्टेज आतला चार्ज पंप तयार करतो. म्हणजे बाहेरून दिलेले १३ व्होल्ट ही मोड बदलण्याची खूण असते.

खूण पक्की, पण हौशी माणसाला महागात पडणारी. १३ व्होल्ट आणायचे कुठून? संगणकाच्या सिरियल पोर्टमधूनच ते मिळवणारे छोटे प्रोग्रॅमर एकेकाळी खूप चालले, पण कित्येक लॅपटॉपच्या पोर्टवर पुरेसं व्होल्टेज नसे आणि तिथे ते अडत. शिवाय रीसेटच्या त्याच तारेवर दुसरी ५ व्होल्टची चिप असेल तर १३ व्होल्ट तिच्याही अंगावर जातात. म्हणून चिप सर्किटमध्ये ठेवूनच प्रोग्रॅम करायची असेल, तर एमसीएलआर पिन आणि तिचा पुल-अप रेझिस्टर (पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा) यांच्यामध्ये डायोड टाकतात, म्हणजे १३ व्होल्ट उरलेल्या सर्किटकडे जात नाहीत.

यावर तोडगा म्हणून लो-व्होल्टेज प्रोग्रॅमिंग आलं, म्हणजेच एलव्हीपी. त्यासाठी पीजीएम नावाची एक पिन ठरवली गेली: १६एफ८७७एमध्ये आरबी३, १६एफ६२८मध्ये आरबी४, १८एफ४५५०मध्ये आरबी५. पीजीएम हाय केली (म्हणजे ५ व्होल्टवर नेली; शून्य व्होल्टजवळ असली तर लो) आणि एमसीएलआरवर नेहमीचे ५ व्होल्ट दिले, की काम झालं. पण १३ व्होल्ट चुकून येत नाहीत, ५ व्होल्ट मात्र सहज येतात. खरी अडचण इथूनच सुरू होते.

या चिपा कारखान्यातून एलव्हीपी चालू ठेवूनच येतात. नवशिका एलईडी लुकलुकवण्याचा प्रोग्रॅम टाकतो आणि आरबी३ कुठेच जोडत नाही. सर्किट चालतं, थांबतं, बोट जवळ नेलं की पुन्हा चालतं. मोकळ्या सोडलेल्या पिनला स्वतःची अशी पातळी नसते. तिचा अंतर्गत रोध इतका प्रचंड असतो की हाताचा किंवा शेजारच्या तारेचा किंचित प्रभावही तिला हायकडे ओढू शकतो. पिन हाय झाली की चिप आपला प्रोग्रॅम सोडून प्रोग्रॅमिंग मोडमध्ये जाते. माणूस मात्र कोडमधली चूक शोधत बसतो.

उपाय साधा आहे: पीजीएम आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. डेटाशीटप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे, पिनमधून गळणारा प्रवाह जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर असतो. १० किलोओहममधून तो गेला तर पिनवर जेमतेम १० मिलिव्होल्ट दिसतील, म्हणजे पिन लोच राहील. आणि प्रोग्रॅमरने पिन ५ व्होल्टवर नेली, तर त्याला फक्त अर्धा मिलिअँपिअर पुरवावा लागेल. एक फसवी जागा मात्र उरते. प्रोग्रॅमने पोर्ट बीचे, म्हणजे आरबी पिनांच्या गटाचे, आतले पुल-अप चालू केले तर आरबी३सुद्धा आतूनच वर ओढली जाते. म्हणून ट्रिसबी या पिनांची दिशा ठरवणाऱ्या रजिस्टरमधला बिट ३ शून्य करायला डेटाशीट सांगतं, म्हणजे आरबी३चा पुल-अप बंद होतो.

पीजीएम लागणारच नसेल, तर कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे चिपमध्ये साठवलेल्या कायमच्या सेटिंगमध्ये, एलव्हीपीचा बिट बंद करणं उत्तम. आरबी३ कामाला मोकळी होते. पण हा बिट बदलायला १३ व्होल्टचाच प्रोग्रॅमर लागतो. लो-व्होल्टेज मोडमध्ये शिरून तो मोड कायमचा बंद करता येत नाही. मला हा नियम अतिशय योग्य वाटतो. तो नसता तर एका चुकीच्या ओळीने माणसाने आपलाच रस्ता बंद केला असता. १३ व्होल्टचा रस्ता मात्र बिट काहीही असला तरी उघडाच असतो.

१६एफ१xxx मालिकेतल्या नव्या पिकमध्ये पीजीएम पिन राहिलीच नाही. एमसीएलआर लो धरायची आणि डेटाच्या पिनवरून ३२ बिटांचा ठरलेला संकेत पाठवायचा. तो हेक्समध्ये (१६ अंकांच्या पद्धतीत) ४डी ४३ ४८ ५० असा असतो, म्हणजे एम, सी, एच, पी या अक्षरांचे आस्की कोड, अर्थात संगणकातले ठरलेले आकडे. ३२ बिटांच्या ४२९ कोटींहून जास्त जुळण्यांपैकी नेमकी हीच चुकून येण्याची भीती जवळपास नाही, आणि एक पिनही वाचते. बदल्यात, एलव्हीपी चालू असेपर्यंत एमसीएलआर रीसेटसाठीच अडकून राहते.

एव्हीआर या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलर कुटुंबातल्या अटिनी८५सारख्या चिपा आधीपासूनच असंच काहीसं करतात. रीसेट लो धरून प्रोग्रॅमर हेक्समधले एसी, ५३ हे दोन बाइट पाठवतो, आणि पुढच्या बाइटच्या वेळी चिपकडून ५३ परत आलं की दोघांचा मेळ बसला असं समजतो. अटिनी८५ला ८ पिना. त्यातल्या २ वीजपुरवठ्याच्या, १ रीसेटची, उरल्या ५. सहावी हवी म्हणून कोणी रीसेट बंद करणारा फ्यूज (एव्हीआरमधला कॉन्फिगरेशनचा बिट) बदलला, तर हा रस्ता बंद होतो. मग त्या चिपला परत वळणावर आणायला रीसेटवर १२ व्होल्ट देणारा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमरच लागतो.